तुम्ही विचारलंत म्हणून: अक्षरं नसलेलं नाणं कोणाचं?

“यावर एक अक्षर धड वाचता येत नाही, मग हे कुठल्या सम्राटाचं ते कसं सांगता?” चौथ्या शतकातली रोमन कांस्य नाणी हातात घेतली की बहुतेक जण हेच विचारतात.

मी चेहऱ्यापासून सुरुवात करत नाही. त्या शतकातले सम्राट नाण्यांवर फार सारखे दिसतात, उजवीकडे वळलेले, कपाळावर मोत्यांची पट्टी. नाणं आधी उलटं करावं. मागची चित्रं मोजकी आहेत आणि बहुतेकांचा काळ ठरलेला आहे. दोन शिपाई आणि मध्ये दोन निशाणं असली तर साधारण ३३० ते ३३५. निशाण एकच असेल तर त्यानंतरचं, आणि वजनही कमी. डायोक्लेशियनचं २९४ च्या सुमाराचं नाणं दहा ग्रॅमच्या आसपास होतं. पन्नास वर्षांत ते दोन ग्रॅमच्या खाली आलं. म्हणून भिंगाइतकाच वजनकाटाही लागतो.

मला सगळ्यात आवडतं ते एकेक नाव वगळत जाणं. समोरासमोर उभ्या दोन पंखवाल्या विजयदेवता, हातांत हार, हे नाणं ३४७-४८ च्या सुमाराचं, पश्चिमेकडच्या टांकसाळींतलं. कॉन्स्टंटाइनच्या गादीवर आलेल्या तीन मुलांपैकी थोरला ३४० मध्येच मारला गेला होता. उरले कॉन्स्टन्स आणि कॉन्स्टँटियस. आता नावाच्या शेवटची दोन अक्षरं दिसली तरी पुरे.

पुढचं चित्र शिपायाचं. तो घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय. हे ३४८ नंतरचं. इथे डोकं नीट पाहा. मोत्यांची पट्टी असेल तर सम्राट, डोकं उघडं असेल तर ‘सीझर’, म्हणजे दुय्यम राजा. नाव कॉन्स्टँटियस आणि डोकं उघडं, तर तो सम्राट कॉन्स्टँटियसचा चुलतभाऊ गॅलस; नाण्यांवर त्याचंही नाव कॉन्स्टँटियसच असतं. ३५१ ते ३५४ एवढीच त्याची कारकीर्द. पुढे सम्राटानेच त्याला ठार करवलं. नखाएवढ्या तांब्यावर हे सगळं दिसतं, याचं मला आजही नवल वाटतं.

अक्षरं दर वेळी झिजलेलीच असतात असंही नाही. चकती ठशापेक्षा लहान पडली की काठावरची अक्षरं उमटतच नसत. म्हणून घासू नका, आम्लात बुडवू नका. वरच्या थराबरोबर चित्रही जातं. दिव्याचा उजेड बाजूने पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा.

तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात अशी बारीक रोमन नाणी सापडली आहेत. शतकअखेरीच्या एका प्रकारात विजयदेवता कैद्याला ओढत नेते, वजन जेमतेम ग्रॅमभर. थिओडोसियस, आर्केडियस, होनोरियस या सगळ्यांच्या नावाने ती पाडली गेली. नाव उरलं नसेल तर पाकिटावर मी फक्त प्रकार आणि काळ लिहिते, सम्राटाची जागा कोरी ठेवते.