दोन हात चुना

शनिवार, रात्रीचे साडेदहा.

नखांतला चुना काही निघत नाही. संध्याकाळी भाच्याला घेऊन दफनभूमीत गेलो होतो. उद्या ईस्टर; पहाटे पाचला तिथंच पुनरुत्थानाची उपासना, त्याआधी आईची कबर नीट करायची होती. गवत उपटलं, क्रूसाच्या बगलेतलं कुंभारणीचं घर खरवडलं, मग कुंचा घेतला. चुन्याचा पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, नुसतं राखाडी पाणी. भाचा म्हणाला, "मामा, हे लागलंच नाही."

"वाळू दे जरा."

त्याची सुप्याच्या एमआयडीसीतली नोकरी फेब्रुवारीत गेली, तेव्हापासून पोरगं फटकून बोलतं. दुसरा हात मारता मारता म्हणाला, "उद्या सगळे एकमेकांना 'प्रभू उठला आहे' म्हणणार. आजी कुठं उठली?" मी गप्प. पाळकसाहेबांकडे उत्तर असेल, माझ्याकडे कुंचा होता.

काल गुड फ्रायडेला बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना झाली. चौथ्या उद्गाराला मी दरवर्षी अडकतो. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही स्तोत्र 22 ची पहिली ओळ. उपदेश करणारे लगेच त्या स्तोत्राच्या शेवटाकडे पळतात, तिथं सगळं गोड होतं म्हणून. पण वधस्तंभावरच्या त्या प्रश्नाला वरून उत्तर आलेलं नाही. आई शेवटचे अकरा दिवस कण्हत होती. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात पौलही म्हणतो, सगळी सृष्टी कण्हते आहे; आणि ते कण्हणं बाळंतवेणांचं आहे, असं सांगतो. खरं असेल. खाटेशी बसलेल्याला मात्र दोन्ही कण्हणी सारखीच ऐकू येतात.

अशा वेळी मला रमाबाई आठवतात. पंडिता रमाबाई, केडगावच्या. (आमच्या नगरला चिकटलेलं केडगाव नव्हे, दौंडकडचं.) आई-वडील दुष्काळात भुकेनं गेले, मग भाऊ, मग 1882 मध्ये नवरा पटकीनं. आणि 1896-97 च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणतात. ज्या भुकेनं घर खाल्लं, तिच्याच तोंडात हात घातला. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. हिब्रू-ग्रीकवरून मराठीत उतरवलेल्या बायबलचं काम तेव्हा हातात होतं, ते त्यांनी खाली ठेवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ते सबंध बायबल छापून यायला 1924 उजाडलं.

शुभवर्तमानात ह्या शनिवारची हकिगत जवळजवळ नाहीच. लूक एवढंच सांगतो, की बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळून त्या स्वस्थ राहिल्या. ती तयारी मढ्यासाठी होती. रविवारी पहाटे निघाल्या तेव्हाही पुनरुत्थान बघायला नव्हत्या निघाल्या. वाटेत एकमेकींना विचारत होत्या, कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार? कुणाला ठाऊक नव्हतं, तरी एकही परत फिरली नाही. हे भाच्याला सांगायचं सुचलं ते घरी आल्यावर, हात धुताना. माझं नेहमीचंच.

आत्ता त्याचा फोन येऊन गेला. "मामा, मेणबत्त्या मी आणतो. चार वाजता हाक मारा." मग जरा थांबून, "वाळला असेल का हो तो?"

बॅटरी उशाशी ठेवली आहे.