मस्जिद बंदर ते भायखळा, शनिवार सोडून

मुंबईतले ज्यू म्हटलं की बहुतेक जण काळा घोड्याला जातात, तिथल्या सिनेगॉगसमोर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोर, फोटो काढतात आणि कॅफेत शिरतात. माझं ऐकाल तर सुरुवात मस्जिद बंदरला करा. ज्यू या शहरात दोन वाटांनी आले, कोकणातून आणि बगदादहून. कोकणातले बेने इस्रायली आधी आले, अठराव्या शतकात, आणि मांडवीच्या या गल्ल्यांत राहिले.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सॅम्युअल स्ट्रीट विचारा. सकाळी लवकर जा, कारण एकदा घाऊक बाजार जागा झाला की हातगाडीवाले आणि डोक्यावर गोणी घेतलेले हमाल तुम्हाला एका जागी उभं राहू देत नाहीत. शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार, हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये बांधलं, पुढे १८६० मध्ये आताच्या जागी आलं. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, अशी आख्यायिका. बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

दारावरच्या काकांनी आधी ओळखपत्र पाहिलं, मग माझ्या उघड्या डोक्याकडे. "टोपी नाही आणली? रुमाल बांधा." आत मधोमध कठड्याचा चौथरा, वर बायकांसाठी लाकडी सज्जा, छतापासून लोंबणाऱ्या काचेच्या हंड्या. एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची खुर्चीही असते, तिच्यावर बसायचं नाही. काकांचं मराठी अस्सल अलिबागकडचं. तिकडे यांचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. पेणकर, नवगावकर, राजपूरकर ही आडनावंही गावांवरूनच आलेली. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं घालून करतात तो मलिदा कुठे मिळेल विचारलं, तर म्हणाले, "हॉटेलात नाही हो मिळत. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण मिळवा."

तिथून लोकलने भायखळा. इथला थाट निराळा, बगदादी. डेव्हिड ससून बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून बाहेर पडले आणि १८३२ मध्ये मुंबईत आले. कापूस आणि अफू, दोन्हींत त्यांनी पैसा केला. १८६४ चं मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांचंच, उंच घड्याळाच्या मनोऱ्यामुळे लांबून चर्चच वाटतं. शेजारच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. मधल्या सुट्टीत पोचलात तर गेटवरचा गलका ऐकाल. ससूनचा राहता वाडा म्हणजे आजचं मसिना हॉस्पिटल, ते रस्त्यावरूनच पाहा, पेशंट असतात. राणीबागेत त्यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, पण बुधवारी बाग बंद. १९४७ नंतर बगदादी बहुतेक देश सोडून गेले. बेने इस्रायलीही मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, पण तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले.

शनिवारी आणि ज्यू सणांना पाहुण्यांसाठी दार उघडेल असं धरू नका. शुक्रवारी दुपारनंतरही घाई असते. आधी फोन करून वेळ ठरवणं उत्तम. २००८ च्या हल्ल्यानंतर सगळीकडे बंदोबस्त आहे, त्यामुळे ओळखपत्राची मूळ प्रत ठेवा, मोठी बॅग घरीच राहू द्या आणि आत फोटो काढण्याआधी विचारा. डोकं झाकायला रुमाल, खांदे-गुडघे झाकणारे कपडे. बंदर भागात स्वच्छतागृहाची बोंब आहे, बायकांनी ते सीएसएमटीलाच उरकून घ्यावं.

दिवस उरला तर मग काळा घोड्याला, १८८४ चं केनेसेथ इलियाहू सिनेगॉग पाहायला. मात्र जुन्या फोटोंतली आकाशी रंगाची इमारत शोधत बसू नका. २०१९ च्या डागडुजीनंतर तिचा रंग पांढरट झालाय.