रविवारची वीस मिनिटं

सामान बांधून झालंय. बाहेर उरलाय तो गोळ्यांचा डबा. सात वार, दिवसाला चार खाने, एकूण 28. दर रविवारी भरायला वीस मिनिटं. एवढंसं काम, पण दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

आईला म्हटलं, यापुढे तू भर. "भरीन की," म्हणाली, आणि थायरॉईडची गोळी नि कॅल्शियम एकाच खान्यात टाकून मोकळी. कॅल्शियम आड आलं की थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, मध्ये चार तास हवेत. थायरॉईडची उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याशी. खाणं किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम दुपारच्या खान्यात.

मग कागदच लिहायला घेतला. बाबांच्या शुगरच्या गोळीवर 'एसआर' आहे, ती मोडायची नाही. एसआर म्हणजे हळूहळू सुटायचं औषध, मोडलं की ते एकदम सुटतं. कंपनी बदलली की त्याच औषधाचा रंग-आकार बदलतो. मग जुनी संपेपर्यंत दोन्ही चालू, म्हणजे दुप्पट डोस. म्हणून स्ट्रिपवर कंपनीचं नाव नाही, मूळ औषधाचं नाव नि मिलिग्रॅम जुळवायचं. अक्षर बारीक, स्ट्रिप चकचकीत, आणि वाचणार बाबा.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला, गप्प बसायचं. हात छातीच्या उंचीवर. बोललं की आकडा वर जातो. बाबा आणि गप्प!

बँकेत नंबर माझाच दिलेला आहे, ओटीपी सगळे माझ्याकडेच... ते उद्या.

इतकी वर्षं या घरात मी कोण, तर रविवारची वीस मिनिटं. वीस मिनिटांचंच माणूस असेल तर जाताना एवढं का लागावं?

डबा पुसायला घेतला तर गुरुवारच्या रात्रीच्या खान्यात गोळी तशीच. गुरुवारी मी शेजारच्याच खोलीत होते. म्हणजे डबा मी भरत होते. गिळायचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडेच होतं. हसूच आलं, जरा उशिराने.

कागदावर एक ओळ वाढवली: राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीने घ्यायची नाही.

आता रविवारी व्हिडिओ कॉल. झाकणं उघडी, सकाळचे खाने माझ्याकडे. आज तालीम घेतली, तर बाबांनी डबा कॅमेऱ्यासमोर उलटाच धरला. नशीब, रिकामा होता.