माळ चायनाची की आपली?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात लाइटच्या माळांबद्दल एकच प्रश्न असतो, "काका, ही माळ चायनाची की आपली?" परवा शेजारच्या वहिनींनी त्याला शेपूट जोडलं, "ऑनलाइन नव्वदला मिळते, तुमच्याकडे एकशे साठ का?" गर्दीत "घ्या हो, चांगली आहे" म्हणून सुटलो. पण वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत सांगतो.

माझ्याकडचीही चायनाचीच आहे. निदान तिच्या पोटातलं बरंचसं. साताऱ्याहून रात्रीची एसटी पकडून मी मुंबईला लोहार चाळीत माल भरायला जातो. तिथे खोक्यावर तिरंगी पट्टा आणि "मेड इन इंडिया" असतं. ते अगदीच खोटं म्हणता येत नाही. वायरी जोडणं, पिन बसवणं, खोक्यात भरणं इथे झालेलं असतं. दाण्याएवढे एलईडी आणि त्यांना लुकलुकायला लावणारी आयसी मात्र तिकडून आलेली. एका वर्षी तर एका लॉटवरचं तिरंगी स्टिकर नखाने निघालं आणि खाली चिनी अक्षरं. व्यापारी म्हणाला, "शेठ, आत तर दिवेच आहेत ना?"

२०२० साली जूनमध्ये गलवान झालं. त्या दिवाळीत गिऱ्हाईक पायरीवरूनच "चायना नको" म्हणत यायचं. मी दोन माळा समोर ठेवायचो आणि दोन्हींचा भाव सांगायचो. जरा वेळ शांतता. मग "ही पण बरी दिसतेय" म्हणत हात स्वस्त माळेकडे. मी कुणाला हसलो नाही. त्याच महिन्यात आमच्या चिरंजीवांनी घेतलेला मोबाइल कुठला होता, ते विचारू नका.

म्हणून मी देश विचारायचं सोडलं आणि खिशात लोहचुंबक ठेवायला लागलो. माळेच्या वायरीचं टोक जरा सोलायचं आणि चुंबक लावायचा. चिकटला तर आत लोखंड, वरून नुसता तांब्याचा मुलामा. अशी वायर गॅलरीत दोन पाऊस खाल्ले की गंजते, दोनदा वाकवली की तुटते. तांबं चुंबकाला चिकटत नाही. तुमची एकशे साठवाली चिकटत नाही, वहिनी. नव्वदवाली आणा, तुमच्यासमोर लावून बघू. ती पण नाही चिकटली तर खुशाल तीच वापरा, माझा राग नाही.

वरच्या सत्तर रुपयांतून वायरीचं जाऊन जे उरतं, त्यात दुकानाचं भाडं आहे, पोऱ्याचा पगार आहे, आणि प्रत्येक माळ तुमच्यासमोर खोक्यातून काढून पेटवून दाखवणं आहे. खराब निघालेली माझ्या गळ्यात. लोहार चाळीत रोषणाईच्या मालाला गॅरंटी नसते. ऑनलाइनवाले परत घेतात, खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बिनबोभाट घेतात. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहाला अर्धी माळ गेली, तर त्यांचा माणूस येणार पाडव्यानंतर.

आपलं म्हणजे महागच, असंही नाही बरं का. एलईडी बल्बचं बघा. सरकारी खरेदीत तो २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडायचा, २०१६ मध्ये ३८ ला आला. कोट्यवधींची खरेदी एकदम केली की भाव कोसळतो. त्यात माझं बल्बावरचं मार्जिनही कोसळलं, पण ते जाऊ द्या.

दुकानात खरोखर आपलं म्हणावं असं एकच आहे: वर टांगलेले बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील. आमच्याच पेठेतलं एक कुटुंब गणपती झाले की कामट्या तासायला बसतं. प्लास्टिकच्या घडीच्या कंदिलापेक्षा तिप्पट महाग, आणि ठेवायला जागा खातात. त्यांच्याशी मी घासाघीस करत नाही, तुम्हालाही करू देत नाही. तिथे मी हट्टी आहे, मान्य.

बाकी माळेचं म्हणाल, तर एलईडी गेला म्हणून ती फेकू नका. या माळांत दिवे एकामागे एक ओळीने जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला की त्याच्या ओळीतले सगळे विझतात. मेलेला शोधून काढायचा, त्या जागी वायर जोडून सोल्डर मारायचं, टेप गुंडाळायची. एका ओळीतून एखादाच काढायचा. तीन-चार काढले तर उरलेल्यांवर जास्त व्होल्टेज येऊन तेही जातात. मी याचे वीस रुपये घेतो. गेल्या वर्षी अशा अकरा माळा आल्या, त्यातल्या सात ऑनलाइनच्या. सगळ्या करून दिल्या. ऑनलाइनच्या माळा घेऊन आलेल्यांना आधी थोडं ऐकवलं, एवढंच.

तुमची बिघडली तर तुम्हीही आणा. तुम्हाला काही बोलणार नाही.