एका कागदापायी गेलेला पावसाळा

आमचा गावतलाव मालगुजारी काळातला, म्हणजे गावाचे जमीनदार असलेल्या मालगुजारांच्या वेळचा. भंडारा जिल्ह्यात असे तलाव गावोगावी आहेत. आमच्या तलावात काठापासून आतपर्यंत बेशरम ही तणासारखी पसरणारी झुडपी वनस्पती माजली होती. ती उपटून देवधान, गाद, चिला ही तलावातली आपली गवतं-झाडं परत लावायची, असं बचत गटाच्या आम्ही बायांनी ठरवलं. ग्रामसभेचा ठराव एका बैठकीत झाला. मच्छीमार सोसायटीही लगेच तयार झाली.

अडलं ते ना-हरकत पत्रावर. ग्रामपंचायत म्हणे, तलाव आमच्याकडे नाही. तालुक्याला गेलो तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला भेटले अन् म्हणाले, "गाळ काढायचा असेल तर अंदाजपत्रक करू. गवत लावायचं काम कोणत्या हेडात बसवू?" मी म्हटलं, "साहेब, पैसा नको, कागद द्या." तिसऱ्या खेपेला आमचा अर्जच सापडेना. पोच घेतली नव्हती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही अर्ज द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडायची. एवढ्यात मृग लागला, तलाव भरला. रोपं लावायची ती ओल्या गाळात, पाणी चढायच्या आधी. तो हंगाम गेला. त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून मी रडले.

वाट दाखवली ती गावातल्या निवृत्त पटवारी काकाजींनी. "निस्तार पत्रकाची नक्कल काढ बाई," म्हणाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पण गावाचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात लिहून ठेवलेले असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढली, ठरावासोबत जोडली, अन् आठवड्यात पत्र हाती आलं. हे आधी कोणी का सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बेशरम काढली. ती नुसती कापू नका, कापलेला तुकडाही ओलीत पडला की फुटतो. मुळासकट उपटून पाळीच्या पलीकडे वाळवा. रोपं शेजारच्या तलावातून आणली. देवधान काठाला, गाद थोडी आत, चिला खोल पाण्यात. हो, सोसायटीला आधीच सांगा, गवत्या मासा सोडू नका, तो सगळं खाऊन टाकतो. रोहू-कटला सोडले तरी साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. आपले दाडक, मरळ हे देशी मासे तलावातच वाढतात, पण त्यांना ही झाडं लागतात.

यंदा श्रावणात तरंगत्या पानांवर कमळपक्ष्याची चार अंडी दिसली. तिकडची जाळी आम्ही काढून घेतली.