ड्रायर गुरगुरतो, पण फिरत नाही

शनिवार, रात्री

दुपारी ड्रायर बसला. अगदी बंद पडला असंही नाही. झाकण लावून टायमर फिरवला की आतून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, टब मात्र हलायचा नाही. थोड्या वेळाने तो आवाजही थांबला. मोटर तापली असणार आणि आतल्या थर्मल प्रोटेक्टरने वीज तोडली असणार, कारण तासाभराने लावला तर पुन्हा तेच घूं. शेजारचा धुण्याचा टब मजेत चालू होता. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दोन्हींच्या मोटरी वेगळ्या असतात, तेवढं एक बरं.

आई म्हणाली, "मी आठवडाभर सांगतेय, कपडे ओलेच निघतायत आणि रबर जळल्यासारखा वास येतोय." सांगत होती खरी. पण आईला वास कशाचाही येतो, म्हणून मी कानाआड केलं.

आवाज आहे आणि फिरणं नाही, म्हणजे कपॅसिटर. हे माझं पाठांतर. गेल्या वर्षी पंख्याचं तसंच झालं होतं आणि तो मी दहा मिनिटांत चालू केला होता, त्यामुळे अंगात जरा जास्तच बळ आलेलं. सिंगल फेजच्या मोटरीत नुसत्या मुख्य वाइंडिंगचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, फिरत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे काढतो, तेव्हा कुठे दोघांचं मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर गेला की मोटर थरथरते आणि गुरगुरते. सगळं जुळत होतं.

संध्याकाळी ५ मायक्रोफॅरडचा नवा आणला. प्लग काढला, मागचं कव्हर उघडलं, जुन्यातला चार्ज उतरवला आणि नवा जोडला. झाकण लावलं, टायमर फिरवला.

घूंऽऽ.

रविवार

सकाळी आधी जुना कपॅसिटर मल्टिमीटरवर लावला. वर ५ मायक्रोफॅरड, ५ टक्के कमी-जास्त, असं छापलेलं. मीटरने ४.९ दाखवले. म्हणजे चांगला. हे काल विकत आणण्याआधी करायला किती वेळ लागला असता? चहा गाळायला लागतो तेवढा.

मग जरा शांत बसून विचार केला. तो आवाज मला एवढंच सांगत होता की मोटरीपर्यंत वीज पोचतेय आणि मोटर वळू शकत नाहीये. का वळू शकत नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं, पंख्याच्या आठवणीवरून. आवाज मुळीच नसता तर झाकणाचा स्विच, टायमर, वायर यांच्यामागे लागले असते. इथे तो रस्ता नव्हता. उरलं होतं काहीतरी अडकलेलं: टबाखाली गेलेला रुमाल, जाम झालेला शाफ्ट, नाहीतर ब्रेक.

हाताने टब फिरवून बघितला तर जड. पण त्यावरून काहीच ठरत नाही, कारण झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो, टब जड लागणारच. आणि झाकण लावलं तर आत हात जाणार कसा! या कोड्यावर मी बराच वेळ घालवला. उत्तर मागच्या बाजूला होतं. प्लग काढलेला, मागचं कव्हर उघडं. आईला झाकण लावून धरायला सांगितलं आणि मी खाली बसून मोटर आणि टब जोडणारा कपलिंग हाताने फिरवला. खर्र, खर्र. झाकण बंद असूनही ब्रेक शू ड्रमला घासत होता. मग ब्रेकची पट्टी बोटाने थोडी ओढून धरली आणि कपलिंग लोण्यासारखा फिरला.

झाकणापासून ब्रेकपर्यंत एक तार येते. झाकण लावलं की ती पट्टी ओढते आणि स्प्रिंगच्या जोरावर दाबून बसलेला शू सुटतो. आमची तार ढिली पडली होती, म्हणून शू अर्धवटच सुटत होता. आठवडाभर मोटर ब्रेकशी झगडत कशीबशी फिरत होती: कपडे ओले, रबराचा वास, ड्रमखाली काळी भुकटी. शनिवारी मोटरीने हात टेकले. आईने सांगितलेल्या दोन गोष्टींत सगळं निदान होतं, मीच कपॅसिटर विकत आणायला पळाले.

पट्टीला ओळीने तीन भोकं होती. तारेचा आकडा एक भोक पुढे घेतला. शू बराच झिजलाय, तो कधीतरी बदलावा लागेल.

तार जास्त ओढली तर झाकण उघडल्यावर ब्रेक नीट लागणार नाही, आणि ते न फिरण्यापेक्षा वाईट. ड्रायर मिनिटाला १३०० फेरे घेतो. टबाची त्रिज्या ११ सेंमी धरली तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २०० पट जोर येतो. ओला टॉवेल एवढ्या वेगात असताना कुणी हात घातला तर काय होईल, याची कल्पनाही नको. पुस्तिकेत लिहिलंय, झाकण उघडल्यावर १५ सेकंदांत टब थांबला पाहिजे. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सात-आठच्या आत थांबला.

नवा कपॅसिटर आतच राहू दिला. जुन्यावर पेनने 'चांगला आहे' लिहून हत्यारांच्या डब्यात टाकला.

पहिला घाणा निघाल्यावर आई आली. कपड्यांना हात लावून बघितला, मग मशीनवर वाकून वास घेतला आणि काही न बोलता बादली उचलून दोरीकडे गेली.