वणीवाली, भाग ७: थर्मोस्टॅट बसला, एक बोल्ट गेला

मागच्या भागात रेडिएटर उतरवून जाळीला रॉड मारून घेतला होता, म्हणजे चोंदलेल्या नळ्या सळईने साफ करून घेतल्या होत्या. त्यानंतर गाडी तापायची थांबली. इतकी थांबली, की आता तापेचना! डिसेंबरात सकाळी सातला नाशिकच्या मखमलाबादहून काढली, दिंडोरी रोडला अर्धा तास चालवली, तरी टेम्परेचरच्या काट्याने बूड सोडलं नाही. सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, आणि डिपस्टिक नाकाशी धरली तर ऑइलला डिझेलचा वास.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: वणीवाली म्हणजे बाबांचा जुना ट्रक. चार सिलिंडर, बिनटर्बोचं डिझेल इंजिन, काचेवर 'सप्तशृंगी माता प्रसन्न'. बाबांनी यात लासलगावचा कांदा वाशीला नेला, आता मी सुट्टीच्या दिवशी मळ्यातल्या शेडमध्ये हिचे नटबोल्ट खोलत बसतो.

आधी काटा खरं बोलतोय का ते बघायचं होतं. घरात कोरोनाच्या काळातली कपाळावर धरायची गन पडून होती. ती इंजिनवर धरली तर तिने सरळ हात वर केले. बरोबरच आहे, तिची धाव माणसाच्या तापापुरती. मग कारखान्यात वापरतात तसली गन आणली. ती वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण मी दोन दिवस यात घालवले: चकचकीत धातूवर ही गन धडधडीत खोटं सांगते, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह; त्याच्या हाउसिंगवर, म्हणजे वरच्या धातूच्या झाकणावर, काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि टेपवर नेम धरला, तेव्हा कुठे आकडे एका जागी आले. बाहेर ११ अंश, अर्धा तास चालवून हाउसिंग ५८. काटा खरं बोलत होता.

५८ म्हणजे डिझेलला उपाशी ठेवल्यासारखंच. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं काही धूर होऊन जातं, काही लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, उतरून तळाच्या चेंबरमध्ये, ऑइलमध्ये. पातळ झालेलं ऑइल घेऊन इंजिन चालवायचं म्हणजे रिंगा आणि लायनर आपल्याच हाताने घासायचे. गाडी गरम झाली की आपण घाबरतो, थंड राहिली की खूश होतो. इथेच गोची आहे.

शेजारचे नाना एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, थर्मोस्टॅट काढलेला असेल तिचा. आपल्याकडे काय करायचाय तो? काश्मीरला थोडीच चाललीय?"

"नाना, तुम्ही जानेवारीत निफाडला पहाटे गाडी काढलीय ना?"

"काढलीय. म्हणून तर सांगतो, खोलू नकोस. बोल्ट तुटेल."

पहिलं पाणी काढलं. चहासारखा रंग. मग वरचा पाइप. क्लिप ढिली करूनही तो हाउसिंगला असा चिकटला होता की शेवटी ब्लेडने उभा चिरून काढला, नाहीतरी बदलायचाच होता. हाउसिंगला तीन बोल्ट, १३ चा पाना. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी पुन्हा मारला. दोन बोल्ट कुरकुरत आले. तिसरा अर्धा आटा फिरला आणि पान्याला एकदम लोण्यात गेल्यासारखं वाटलं. ज्यांनी कधी बोल्ट तोडलाय त्यांना हे वाटणं पोटात कुठे जाणवतं ते ठाऊक आहे. बोल्टचं डोकं पान्यात, दांडी इंजिनाच्या हेडमध्ये.

नाना खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

हाउसिंग उचललं तर आत थर्मोस्टॅट होता. म्हणजे त्याची नुसती कडी. मधला वॉल्व्ह, स्प्रिंग, मेणाची डबी, सगळं ठोकून काढलेलं आणि बाहेरचं पितळी रिंगण तेवढं पॅकिंगसारखं परत बसवलेलं. कडेला छिन्नीचे वार स्पष्ट दिसत होते. ज्या कोणी मिस्त्रीने हे केलं त्याला मी त्या सकाळी बऱ्याच गोष्टी ऐकवल्या. त्याचं पुढे येईलच.

तुटलेल्या बोल्टची पाचेक मिलीमीटर दांडी वर राहिली होती, हे नशीब. व्हाइसग्रिपने धरली तर नुसती सोलली गेली. ड्रिल मारायची हिंमत होईना. वाकडं गेलं तर हेडचं भोक गेलं. शेवटी द्राक्षबागांचे मांडव वेल्ड करणारा आमच्या वाडीतला पोरगा बोलावला. आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, नाहीतर वेल्डिंगचा करंट ऑल्टरनेटरचं वाटोळं करतो. दांडीवर नट ठेवून नटाच्या पोटात वेल्ड भरायचं. पहिला नट पाना लावताच टक्कन उडाला. दुसऱ्या वेळी त्याने दांडी घासून पांढरी केली, वेल्ड भरल्यावर लाली उतरेपर्यंत थांबला, आणि पाना एकाच बाजूला न रेटता थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत राहिला. चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला 'कीं...' असा आवाज आला. दाराच्या बिजागरीसारखा. मग दांडी हाताने फिरली. आटे शाबूत. पोरगा पैसे घेईना, म्हणून त्याला भरपेट मिसळ खाऊ घातली.

द्वारका चौकाजवळच्या गल्लीतून दोन वेगवेगळ्या बनावटीचे थर्मोस्टॅट आणले होते, दोन्हींवर ८२ कोरलेलं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला हवेत. नवीन आहे म्हणून डोळे मिटून बसवायचा नाही, हा माझा हट्ट. आईकडून जुनं पातेलं मागितलं. तिने दिलं आणि "परत आणू नकोस" असंही सांगितलं. वॉल्व्ह बोटांनी जरासा उघडून फटीत दोरा अडकवायचा, त्या दोऱ्यानेच थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता ठेवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही. शेजारी थर्मामीटर. आतल्या पितळी डबीत मेण असतं. ते वितळताना फुगतं, दांडा ढकलतं, वॉल्व्ह स्प्रिंगविरुद्ध उघडतो, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट पातेल्यात पडतो: टण्ण! त्या क्षणी आकडा वाचायचा. पाणी सावकाश तापवा आणि ढवळत राहा, नाहीतर आकडा उगाच पुढे जातो.

पहिला पडला ७५ ला. पुन्हा केलं, ७६. दुसरा ८३, ८२, ८३. पहिला परत. दुसरा ९५ पर्यंत पूर्ण उघडला, व्हर्नियरने मोजलं तर उठाव ८ मिलीमीटर भरला. गंमत म्हणजे पाणी ९८ वरच खळखळायला लागलं. थर्मामीटर बिघडला म्हणून मी वैतागलो, मग ट्यूब पेटली: नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. थर्मामीटर चोख होता. दाब कमी की पाणी लवकर उकळतं, त्यामुळे रेडिएटरचं प्रेशरचं झाकण का ढिलं चालत नाही, हेही यात आलंच.

बसवण्यात विशेष काही नाही. सीट काचकागदाने साफ, नवं पॅकिंग, मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, बॅटरीच्या वायरी परत. बोल्ट तिन्ही नवे, टॉर्क रेंच २० न्यूटन-मीटरवर. थर्मोस्टॅटच्या कडेला एका भोकात खुळखुळणारी बारीक पिन असते, तिच्याकडे मात्र लक्ष द्या. ती वरच्या अंगाला हवी, कारण पाणी भरताना कोंडलेली हवा तिथून सुटते. मी ती खाली ठेवली होती. नानांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "नथ नाकात घालतात, हनुवटीत नाही." परत खोललं.

आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्यावर पांढरा थर बसतो, तो इंजिनात नको. म्हणून कूलंट आणि बॅटरीवाल्याकडचं डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, निम्मं निम्मं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री चाटतात. मोत्याला बांधून ठेवलं, सांडलेलं लगेच पुसून घेतलं.

इंजिन चालू करून वरच्या पाइपवर तळहात ठेवला. दहा मिनिटं गार. काटा चढतोय, पाइप गारच. रस्त्यावर एक चक्कर मारून आलो, परत हात ठेवला, आणि बघता बघता पाइप बोटांखाली कडक झाला, पाठोपाठ चटका. दोरा सुटला! टेपवर ८४. दुसऱ्या दिवशी तोच दिंडोरी रोड, तीच सकाळची थंडी: बारा मिनिटांत काटा मध्यावर, धूर गायब.

पण खरी परीक्षा घाट. गेल्या रविवारी चुलतभावाला घेऊन शहापूरकडून हजार विटा भरल्या, म्हणजे तीनेक टन, आणि कसाऱ्याचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. काटा मध्याच्या वर दोन रेघा गेला आणि तिथेच थांबला. इगतपुरीला उतरून गन धरली, ९१. घोटीपर्यंत पुन्हा मध्यावर.

ठोकून काढलेली ती कडी संध्याकाळी नानांना दाखवली. ते बराच वेळ छिन्नीच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिले.

"हे माझंच काम आहे," म्हणाले. "तुझ्या बापाने रात्री दहाला गाडी आणली होती. जाळी चोंदलेली, गाडीत कांदा भरलेला, पहाटेपर्यंत वाशीला पोचायचं. रॉड मारायला ना वेळ ना पैसा. म्हटलं, काढून टाकू. जाळी साफ केलीस की नवा टाक, असं सांगितलं होतं त्याला."

बाबांनी जाळी साफ केली नाही, म्हणून नवा टाकायची वेळच आली नाही. ती मी मागच्या महिन्यात साफ केली. त्या मिस्त्रीला मी काय काय ऐकवलं होतं, ते मी नानांना सांगितलं नाही.

राहिलेली कामं: डिझेल मिसळलेलं ऑइल आणि फिल्टर बदलायचेत. आणि वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून कालपासून हिरवा थेंब येतोय. एका रात्रीत एक. खाली वाटी ठेवलीय, मोत्या अजून बांधलेलाच आहे.